माळ्यावरची फौज पुन्हा टेबलावर: ऐतिहासिक वॉरगेमिंगकडे परतताना सैन्य कोणत्या क्रमाने उभारावं

बऱ्याच वर्षांनी ऐतिहासिक मिनिएचर वॉरगेमिंगकडे, म्हणजे रंगवलेल्या छोट्या शिपायांनी टेबलावर जुन्या लढाया खेळण्याकडे, परतणारे लोक सगळ्यांत आधी फिगर (हे शिपाई) विकत घेतात. पुढची बहुतेक रखडपट्टी तिथूनच सुरू होते. २८ मिमी उंचीच्या शिपायांची दोन खोकी घरी येतात आणि मग लक्षात येतं की जेवणाच्या टेबलावर चार बटालियन मांडल्या की बगलेला जागाच उरत नाही. फिगर बेसवर (खालच्या तळपट्टीवर) चिकटवून होतात आणि मग कळतं की निवडलेल्या नियमांना वेगळ्या रुंदीचे बेस लागतात. शंभर फिगरना एकदम प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारला जातो आणि त्या राखाडी अवस्थेतच पुन्हा खोक्यात जातात. आपली नजर किंवा चिकाटी आता पूर्वीसारखी राहिली नाही, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

आधी टेबल, मग लढाई, मग नियम, मग बेस आणि त्यानंतर फिगर, हा क्रम धरा. उदाहरणासाठी मी पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातली ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई घेतली आहे. तिची रणभूमी पुणेकराच्या रोजच्या वाटेवर आहे आणि सैन्याच्या आकाराचे सगळे अवघड प्रश्न त्या एका लढाईत येतात. तुम्ही पानिपत, असई किंवा थेट वॉटर्लू निवडलंत तरी टप्पे हेच राहतील.

## १. जुनं खोकं उघडा, नवीन काही मागवू नका

माळ्यावरून काढलेल्या फिगरचे चार ढीग करा: धातू, कडक प्लास्टिक, मऊ प्लास्टिक आणि रेझिन. गोंद, रंग उतरवायचं रसायन आणि प्रायमर या तिन्ही गोष्टी प्रत्येक प्रकाराला वेगळ्या लागतात, म्हणून हे काम टाळू नका. १/७२ मापाच्या (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) जुन्या पाकिटांतले शिपाई बहुतेक मऊ प्लास्टिकचे असतात. त्यांची संगीन बोटाने हलकेच दाबली तर वाकते आणि परत सरळ होते. कडक प्लास्टिकच्या फिगर सहसा साच्याच्या चौकटीतून कापून, हात-डोकी जोडून केलेल्या असतात.

सावधान: जुन्या धातूच्या फिगरमध्ये शिशाचं प्रमाण बरंच असू शकतं. अंगावर पिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर तो शिशाचा गंज आहे. कोरड्या ब्रशने झाडू नका आणि फुंकरही मारू नका. हातमोजे घालून ओल्या कापडाने पुसा आणि ते कापड टाकून द्या. काम करताना खाणं-पिणं नको, लहान मुलांना दूर ठेवा, नंतर हात साबणाने धुवा.

जुना रंग सरसकट उतरवायच्या भानगडीत पडू नका. चेहरा आणि कपड्यांच्या घड्या अजून दिसत असतील तर जुन्या थरावरच नवा रंग चालतो. थर इतका जाड असेल की नाक-डोळे बुजलेत, तरच उतरवा. ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास भिजवून जुन्या टूथब्रशने घासला की सुटतो. सर्किट बोर्ड साफ करायला हे वापरतात, त्यामुळे पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. जुना एनॅमल रंग याला सहज दाद देत नाही. त्यासाठी ॲसिटोन लागतं, पण ते फक्त धातूवर वापरायचं. कडक प्लास्टिकची फिगर त्यात विरघळते. ही दोन्ही रसायनं पेट घेतात, म्हणून काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब करा. भांडं वेगळं ठेवा, ते परत स्वयंपाकघरात जाता कामा नये.

तपासा: एकाच सैन्यात दोन मापं मिसळताय का? १/७२ मधला माणूस साधारण २३-२४ मिमी उंच असतो, २८ मिमीचा सरळ डोकं-दीड डोकं वर जातो आणि अंगानेही आडवा असतो. किल्ल्यावर मांडायला आणलेले मातीचे मावळे कितीही देखणे असले तरी त्यांच्या मापाला नेम नसतो. त्यांना दिवाळीतच राहू द्या.

## २. टेबल मोजा

पुस्तकांत ६ बाय ४ फुटांचं टेबल गृहीत धरलेलं असतं. दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते कायम मांडून ठेवता येत नाही. सहा जणांचं जेवणाचं टेबल साधारण ५ बाय ३ फूट असतं. खेळ अर्धवट राहिला तरी टेबल घरच्यांना मोकळं मिळालं पाहिजे, म्हणून त्यावर ठेवायला ६ मिमी प्लायचे २ बाय ३ फुटांचे दोन तुकडे करून घ्या. जोडल्यावर ४ बाय ३ फुटांची रणभूमी होते आणि एरवी ते कपाटामागे उभे राहतात.

आता रुंदीचा हिशोब. २८ मिमीची २४ जणांची बटालियन दोन रांगांत उभी केली आणि प्रत्येकाला २० मिमी जागा दिली, तर ती २४ सेंमी रुंद होते. ४ फुटांच्या टेबलावर अशा चार बटालियन आणि मध्ये थोडी फट ठेवली की या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत तयार. घोडदळाला वळसा घालायला जागा नाही, आणि मराठी घोडदळाला वळसा घालता येत नसेल तर तो खेळ खेळण्यात अर्थ नाही. तीच बटालियन १५ मिमीमध्ये, माणशी १० मिमी जागा धरून, १२ सेंमीत बसते. ६ किंवा १० मिमीच्या फिगर घेतल्या तर ६० मिमी रुंदीच्या एका बेसवर वीसेक शिपाई उभे करून तोच एक बेस बटालियन म्हणून चालवता येतो.

माझं मत स्पष्ट आहे: ४ बाय ३ फुटांवर सैन्य विरुद्ध सैन्य खेळायचं असेल तर १५ मिमी किंवा त्याहून लहान माप घ्या. २८ मिमी चकमकीसाठी ठेवा, म्हणजे एका बाजूला तीस-चाळीस माणसं असलेल्या खेळासाठी. चाळिशीनंतर डोळ्यांना मोठी फिगर बरी, असं अनेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. ६ मिमीच्या फिगरला डोळे, बटणं रंगवावीच लागत नाहीत, त्यामुळे तिथे नजरेवर ताण कमी येतो. सर्वांत जास्त ताण २८ मिमीच्या चेहऱ्यांवर येतो. जवळचा चष्मा, डोक्याला लावायचं भिंग आणि पांढऱ्या प्रकाशाचा दिवा या तीन गोष्टींची सोय पहिल्या फिगरच्या आधी करा.

## ३. एक लढाई निवडा आणि तिचा तुकडा पाडा

“मराठा सैन्य करायचंय” हा संकल्प कधीच पुरा होत नाही, कारण त्याला शेवट नाही. “खडकीचा दुपारनंतरचा डाव करायचाय” हा पुरा होतो.

खडकीला पेशव्यांच्या बाजूने सुमारे २८,००० माणसं होती, त्यांत १८,००० च्या आसपास घोडदळ. कंपनीकडे कर्नल बर याच्या हाताखाली सुमारे २,८००. एक फिगर म्हणजे ५० माणसं धरली तर मराठी बाजूला ५६० आणि इंग्रजी बाजूला ५६ फिगर लागतात. ५६० मधले ३६० घोडेस्वार, आणि स्वार रंगवायला शिपायाच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. नोकरी सांभाळून हे काम वर्षानुवर्षं चालेल. म्हणून अख्खी लढाई करू नका, तिच्यातला निर्णायक प्रसंग घ्या.

तो इथे आयता मिळतो. पेशव्यांच्या कवायती फौजेची पिंटो याची पलटण पुढे आली. तिच्या मागे लागून कंपनीच्या सातव्या रेजिमेंटची पलटण आपल्या रांगेबाहेर ओढली गेली. ती एकटी पडलेली पाहून पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांनी निवडक स्वार तिच्यावर घातले. मधल्या दलदलीत घोडे रुतले आणि हल्ला मोडला. जरीपटक्यासोबत असलेले मोरो दीक्षित पडले. बाजीराव पर्वतीवरून हे पाहत होते. एवढ्या प्रसंगासाठी १५ मिमीमध्ये पुढची फौज पुरते:

- मराठी बाजू: सहा-सहा स्वारांच्या सहा तुकड्या, गारद्यांची (कवायती पायदळाची) २४ जणांची एक पलटण, एक तोफ आणि तिचे चार गोलंदाज, जरीपटक्यासह एक सेनापती.
- कंपनीची बाजू: २४ जणांच्या तीन पलटणी, एक तोफ, एक सेनापती.

दीडशेच्या आतलं हे काम आहे. दोन्ही बाजू तुम्हीच करा. जुने सोबती आता वेगवेगळ्या शहरांत असतात, आणि ज्याला खेळाची ओळख करून द्यायची त्याच्याकडे सैन्य नसतंच.

खेळ म्हणून दोन अडचणी आधीच सोडवून ठेवा. पहिली दलदल. हल्ला करणाऱ्यांना ती आधी दिसली नव्हती, तुमच्या खेळाडूंना मात्र इतिहास माहीत आहे. नकाशावर दलदलीच्या तीन शक्य जागा आखा, त्यांना क्रमांक द्या आणि पंचाने गुपचूप फासा टाकून एक ठरवावी. घोडदळ त्या जागेत शिरल्यावरच ती उघड करायची, तिथे चाल निम्मी आणि रचना विस्कळीत. दुसरी अडचण संख्येची. एकास दहा अशा लढाईत प्रत्येक तुकडीला गुण देऊन दोन्ही बाजू समान करणारी यादी निरुपयोगी ठरते. त्याऐवजी वेळेची मर्यादा घाला. लढाई दुपारनंतर सुरू होऊन अंधाराबरोबर संपली, म्हणून आठ फेऱ्या ठेवा. तेवढ्यात मराठ्यांनी एक पलटण फोडली तर ते जिंकले.

एकदा रणभूमी पायी बघून या. गणेशखिंडीकडून खडकीकडे जाताना उतार कुठे आहे, मुळा नदी कुठे आहे, संगमावरची रेसिडेन्सी (इंग्रज रेसिडेंटची कोठी) किती लांब होती, हे चालल्यावर जे कळतं ते नकाशावर कळत नाही. शस्त्रं आणि पोशाख बघायचे असतील तर शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय आहे, वाचायचं असेल तर सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ.

सावधान: खडकीत लष्करी हद्द आणि कारखाने आहेत. फलक वाचा, तिथे फोटो काढू नका.

## ४. नियम आधी, बेस नंतर, गोंद सर्वांत शेवटी

नियम निवडताना तीनच प्रश्न विचारा. दोन-अडीच तासांत डाव संपतो का? तुकडीची हानी बेस काढून दाखवायची की खुणेने? बेसची रुंदी सक्तीची आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर न वाचता फिगर चिकटवणं ही परतणाऱ्यांची सर्वांत महागडी चूक आहे. प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांच्या अनेक नियमांत १५ मिमीला ४० मिमी आणि २८ मिमीला ६० मिमी रुंदीचा बेस धरतात. बारुदी काळाचे बरेच नियम लवचीक असतात, दोन्ही बाजूंचे बेस सारखे असले की त्यांना पुरतं. तुमचे नियम काहीच सांगत नसतील तर १५ मिमीसाठी ४० मिमीच घ्या, म्हणजे उद्या नियम बदलले तरी बेस उपयोगी पडतील.

चाल आणि मारा इंचांत दिलेला असेल तर ४ बाय ३ फुटांवर तो जड जातो. घोडदळ एका फेरीत १८ इंच गेलं तर ३६ इंच खोलीच्या टेबलावर दोन फेऱ्यांत समोरच्या कडेला पोहोचतं. इंचाच्या जागी सेंटिमीटर वाचा, किंवा सगळी अंतरं निम्मी करा.

तपासा: पुठ्ठ्याचे तुकडे बेसच्या मापाने कापा, त्यांवर “स्वार”, “गारदी”, “तोफ” लिहा आणि त्याच टेबलावर पूर्ण डाव खेळा. हे लाजिरवाणं वाटायचं कारण नाही. तुकड्या जास्त आहेत की कमी, हे फिगरवर एक रुपया खर्च न करता एका संध्याकाळी कळतं. हा डाव झाल्याशिवाय पाचव्या टप्प्याकडे जाऊ नका.

## ५. यादी लिहा, मग खरेदी करा

पुठ्ठ्याच्या डावानंतर उरलेली यादी हीच तुमची खरेदीची यादी. तिच्या बाहेर काही नको, सवलत असली तरी.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या मराठी फौजेच्या तयार फिगर युरोपीय सैन्यांच्या मानाने फार कमी मिळतात. यावर थ्रीडी प्रिंटिंग हा आता चांगला उपाय झाला आहे. फाइल विकत घ्यायची आणि रेझिन प्रिंटर असलेल्याकडून छापून घ्यायची. फाइलचा परवाना वाचा. काही फाइल फक्त स्वतःच्या वापरासाठी असतात, काहींना पैसे घेऊन छापून द्यायला परवानगी असते. छापणाऱ्याला आधी एकच स्वार छापून मागा. भाल्याची काठी आणि घोड्याचे पाय टिकतात का ते बघा. रेझिन ठिसूळ असतं, बारीक भाला पहिल्याच डावात जातो. हाताला चिकट लागणारी फिगर पूर्ण पक्की झालेली नसते. अशा फिगरला उघड्या हाताने धरू नका, परत करा.

परदेशातून मागवायचं असेल तर फिगरच्या किमतीवर टपाल, सीमाशुल्क, कर आणि कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार धरूनच तुलना करा. खेळणी म्हणून वर्गीकरण झालं की शुल्क चढं लागतं आणि पाकीट अडकूही शकतं. थोडं-थोडं मागवण्याऐवजी यादी पूर्ण करून एकदाच मागवणं परवडतं. विक्रेत्याला किंमत कमी दाखवायला सांगू नका. पाकीट उघडलं गेलं तर अडचणीत तुम्ही येता.

बाकीचं सगळं पुण्यात मिळतं. ब्रश आणि ॲक्रिलिक रंग अप्पा बळवंत चौकात. कानस, पॉलिश पेपर, गोंद, बारीक तार रविवार पेठेत बोहरी आळीला. झाकणाचे प्लास्टिकचे डबे तुळशीबागेत. बेससाठी २ मिमी एमडीएफ लेझरने कापून देणारे शोधा, दोनशे चौकोन एकदम कापून घेतले की स्वस्त पडतात आणि माप नेमकं येतं.

ब्रश घेताना तीन शून्यांचा बारीक ब्रश उचलू नका. त्याच्या टोकावर रंग मावत नाही, फिगरपर्यंत पोहोचेपर्यंत सुकतो. १ किंवा २ नंबरचा, ओला केल्यावर टोकदार होणारा चांगला ब्रश घ्या. चेहराही त्यानेच रंगवायचा.

## ६. साफसफाई आणि जोडणी

प्रत्येक फिगर भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. साच्याचं तेल राहिलं तर रंग सालासारखा निघतो. साच्याची रेघ कानशीने किंवा पातं आडवं धरून खरवडा. धातूची फिगर ओली ठेवून घासा, म्हणजे धूळ उडत नाही.

कडक प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट, धातू आणि रेझिनला फेविक्विकसारखा झटपट गोंद. मऊ प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट अजिबात धरत नाही. पावसाळी हवेत झटपट गोंदाभोवती पांढरी झाक येते, म्हणून थेंब अगदी लहान घ्या. धातूचा स्वार घोड्यावर नुसत्या गोंदाने टिकत नाही. हातड्रिलने १ मिमीचं भोक पाडून पेपर क्लिपच्या तारेचा तुकडा दोघांत घाला. फटी एम-सीलने बुजवा.

धातूचे आणि रेझिनचे भाले कापून टाका आणि पोलादी तार बसवा. टोक हातोडीने चपटं करून कानसलं की फाळ होतो. स्वारांच्या सैन्यात हे काम कंटाळवाणं असलं तरी करण्याजोगं आहे; नाहीतर प्रत्येक डावानंतर भाले सरळ करत बसावं लागतं.

सावधान: एकावेळी एकाच तुकडीचं खोकं उघडा. ती बेसवर मातीसह पुरी झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. या लेखातला एकच नियम पाळणार असाल तर हा पाळा.

## ७. प्रायमर: पुण्याची हवा बघून

परदेशी व्हिडिओ पाहून काम करणारे इथे हमखास फसतात. दमट हवेत स्प्रे मारला की थर पांढुरका, खरखरीत बसतो. जून ते सप्टेंबर स्प्रेचा डबा बंदच ठेवा आणि त्या काळात ब्रशने लावायचा प्रायमर वापरा. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर इतर महिन्यांतही थांबा. फोनवर आकडा दिसतो. हिवाळ्यात पहाटे दव असतं, सकाळी अकरानंतर मारा. एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण येते. भर दुपारी रंगाचे कण फिगरपर्यंत पोहोचायच्या आधीच हवेत सुकतात आणि अंगावर वाळू टाकल्यासारखा थर बसतो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरका आणि डबा उन्हात ठेवू नका.

मारताना डबा दोन मिनिटं हलवा, २५-३० सेंमी अंतर ठेवा, फवारा फिगरच्या आधी सुरू करून पुढे नेऊन थांबवा. दोन विरळ थर द्या. गच्चीवर, मास्क लावून, शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे बघून.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा राखाडी प्रायमर धातूवर उत्तम बसतो. काही डब्यांतलं द्रावण कडक प्लास्टिक मात्र वितळवतं. आधी साच्याच्या टाकाऊ चौकटीवर मारून एक दिवस थांबा. मऊ प्लास्टिकवर पातळ केलेल्या फेविकॉलचा हात, तो वाळल्यावर ब्रशने प्रायमर. नाहीतर संगीन वाकली की रंग उडतो.

## ८. रंग: एक नमुना, मग रांग

पहिली फिगर एकटी, शेवटपर्यंत रंगवा आणि प्रत्येक मिश्रण वहीत लिहा. ती हातभर अंतरावर ठेवून बघा, कारण खेळताना तेवढ्याच अंतरावरून दिसणार आहे. आवडली तर तीच पद्धत पूर्ण तुकडीला. १५ मिमीच्या आठ ते बारा, २८ मिमीच्या पाच-सहा फिगर एका रांगेत घ्या. त्याहून जास्त घेतल्या की एकच रंग लावून-लावून माणूस थकतो आणि काम सुटतं.

रंग पातळ करा. एका जाड थराऐवजी दोन पातळ थर. ट्यूबमधले चित्रकारांचे ॲक्रिलिक रंग जास्तच दाट असतात. उथळ डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद आणि त्या कागदावर रंग ठेवला तर मेमधल्या हवेतही तो संध्याकाळभर ओला राहतो.

क्रम आतून बाहेर: त्वचा, आतले कपडे, अंगरखा, शेला, पागोटं, चामडं, शस्त्रं. त्यानंतर सगळ्यावर गडद तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाण्यासारखा पातळ रंग), तो वाळल्यावर उंचवट्यांवर मूळ रंग पुन्हा. वॉश साचून डबकं झालं तर कोरड्या ब्रशने लगेच टिपून घ्या.

तीन ठिकाणी विशेष लक्ष द्या.

त्वचा. संचात त्वचेचा म्हणून येणारा रंग गुलाबी असतो, तो तसाच मावळ्याला लावू नका. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर एकत्र करा, उजळ भागासाठी किंचित पांढरा. तीन वेगवेगळ्या गडद-उजळ छटा करून तुकडीत वाटा.

पांढरे कपडे. शुद्ध पांढऱ्याने सुरुवात केली की कपडा खडूसारखा दिसतो आणि घड्या हरवतात. फिक्या मातकट करड्यापासून सुरू करा, किंचित मळकट पांढऱ्यापर्यंत या, शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर आणि पागोट्याच्या कडेला.

स्वारांचा वेगळेपणा. गारद्यांना गणवेश आहे, तिथे सगळे सारखे करा. शिलेदार आपला घोडा आणि आपले कपडे घेऊन येत, तिथे कोणी कोणासारखा दिसता कामा नये. पण म्हणून चाळीस रंग काढू नका. सहा रंग घ्या आणि पागोटं, शेला, सुरवार यांत त्यांची जागा बदलत राहा. घोड्यांतही तेच. निम्मे तरी कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी आणि काळ्या आयाळीचे ठेवा, बाकी तपकिरी-बदामी, एखादाच पांढरा किंवा अबलख. पांढरा घोडा सेनापतीसाठी राखला तर टेबलावर तो लगेच ओळखू येतो. घोडे निवडतानाही बघा: युरोपीय जड घोडदळाचे धिप्पाड घोडे दख्खनी तट्टांच्या जागी शोभत नाहीत.

निशाण कागदावर दोन्ही बाजूंनी रंगवा, काठीभोवती फेविकॉलने चिकटवा आणि ओलं असतानाच लाटा द्या. जरीपटक्याची जर धातुई सोनेरीने सगळीकडे भरू नका. पिवळ्या ऑकरवर बारीक सोनेरी ठिपके दिले तर ती दुरून खरी वाटते.

## ९. बेसवर दख्खनची माती

इंग्लंडच्या हिरवळीचे तयार बेस खडकीच्या स्वाराखाली परके दिसतात. इथला मुरूम किंवा काळी माती आणा, पिठाच्या चाळणीतून चाळा आणि जुन्या तव्यावर कोरडी भाजा, म्हणजे ओल आणि किडे जातात. पातळ फेविकॉल, त्यावर माती, वाळल्यावर तपकिरी वॉश आणि वरून फिक्या मातकट रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश. नोव्हेंबरात पावसाळ्यानंतरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, म्हणून पिवळट गवताचे थोडे झुपके लावा, बेस भरून टाकू नका. दोन्ही सैन्यांना एकच माती वापरा.

ज्वारीच्या शेतासाठी काथ्याचं पायपुसणं कापा. दाट उभं पीक तयार मिळतं आणि १५ मिमीच्या शिपायांपुढे त्याची उंची बरोबर दिसते.

वॉर्निशचा क्रम चुकवू नका: माती रंगवून झाली की वॉर्निश, गवत त्यानंतर. उलट केलं तर गवत निस्तेज आणि चिकट होतं. खेळायच्या धातूच्या फिगरना आधी चकचकीत आणि त्यावर मॅट, असे दोन थर टिकतात. मॅट स्प्रेलाही प्रायमरचेच हवेचे नियम लागू आहेत. त्याची पांढरी झाक आलीच तर चकचकीत वॉर्निशचा पातळ हात दिल्यावर बरेचदा जाते.

## १०. पहिला डाव अर्ध्या फौजेवर

सगळं सैन्य पुरं होईपर्यंत थांबू नका. स्वारांच्या दोन तुकड्या आणि कंपनीची एक पलटण झाली की डाव मांडा, उरलेल्यांच्या जागी चौथ्या टप्प्यातले पुठ्ठे ठेवा. प्रत्येक डावात एक पुठ्ठा कमी होत गेला पाहिजे. सोबत्याला बोलावण्याची तारीख आधी ठरवा आणि रंगाचं काम त्या तारखेला बांधा. मोकळ्या मुदतीचं काम पुढेच जात राहतं.

तपासा: तीन डाव झाले तरी एखादी तुकडी कधीच उपयोगी पडली नाही, तर तिची पुढची खरेदी यादीतून काढा.

## ११. साठवण

बेसच्या खाली चुंबकीय शीट चिकटवा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात फिगर उभ्या ठेवा. स्कूटरवर नेतानाही हलत नाहीत. शिसं असलेल्या जुन्या फिगर लाकडी किंवा एमडीएफच्या बंद कपाटात ठेवू नका. लाकडातून आणि त्यातल्या गोंदातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने तो पांढरा गंज पुन्हा धरतो. त्यांना प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पावसाळ्यात पुड्या बदलत राहा.

डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: त्वचेचं मिश्रण, मातीचा वॉश, वापरलेला वॉर्निश, बेसचं माप. पुढच्या वर्षी त्याच पागेचे आणखी सहा स्वार करायचे झाले तर छटा जुळवायला तेवढा कागद पुरतो.